अकरा सेकंदांची टेप

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. हसू नका. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं पोटात साठवलं, आता चार शब्द स्वतःचे बोलतो. आणि आधीच सांगून ठेवतो, थोडी बढाई मारणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. त्याच दिवशी माझी शेकडो भावंडं जन्मली. कुणी गाणी वाजवायला गेलं, कुणी शाळेत कविता ऐकवायला. माझ्या नशिबी आलं वाहन परवाना कार्यालय, तिसरा मजला, सुनावणीची खोली. लायसन रद्द व्हायची वेळ आलेली माणसं तिथे आपली बाजू मांडायला येतात. पलीकडे सुनावणी अधिकारी, मध्ये टेबल आणि टेबलावर मी. लिफ्ट कायमची बंद, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी धापा टाकायचा आणि मग बोलायचा.

घरी 'अगं, चहा टाक' म्हणणारा माणूस माझा लाल दिवा लागला की 'सदर वाहन मी सावकाश चालवीत होतो' असं बोलू लागायचा. खोटं बोलणारा आधी खाकरायचा. आणि दारू किती घेतली होती, या प्रश्नाला इतक्या वर्षांत मी एकच उत्तर ऐकलं, 'थोडीशीच'.

माझे पहिले मालक मोठे साहेब. माणूस भला, पण नाकावर राग. ओरडायचं असलं की आधी माझं बटण बंद करायचे, पोटभर ओरडायचे, मग मला चालू करून म्हणायचे, "हं, बोला." माझ्या टेपांवर ते अगदी संत वाटतात.

त्यांच्या जागी मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी शिपायाला म्हणाल्या, "हा मध्येच बंद करायचा नाही. खोलीत जे होईल ते सगळं यात आलं पाहिजे." मला मान नाही, नुसतं हँडल आहे, तरी त्या दिवसापासून मी ताठ मानेने बसू लागलो.

एकदा शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. सोळा वर्षांची नोकरी, एकही अपघात नाही. आरोप असा, की रस्त्यावरच्या तपासणीत त्याने श्वास तपासायच्या यंत्रात फुंकायला नकार दिला. नकार सिद्ध झाला की लायसन वर्षभर रद्द. शाळेने सांगूनच ठेवलं होतं, लायसन नाही तर नोकरी नाही. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती.

हवालदाराने साक्ष दिली. "तीनदा सांगितलं, मॅडम. नुसतं फू फू करत होता. नाटक सगळं."

मॅडमनी ड्रायव्हरला विचारलं, "तुम्ही फुंकायला नाही म्हणालात का?"

तो गप्प.

"काही अडचण होती का? सांगा, मी ऐकतेय."

तरी तो गप्पच. शेवटी म्हणाला, "मला काही सांगायचं नाही." आणि उठून गेला.

मॅडमनी निकालाचा मसुदा टाइप करून घेतला. 'संधी देऊनही चालकाने उत्तर दिले नाही. नकार सिद्ध.' सही तेवढी राहिली होती. पण मॅडमना अर्धवट काम जमत नसे. ते मौन टेपवर नेमकं कुठे आहे आणि किती वेळ आहे, हे त्यांना निकालात लिहायचं होतं. म्हणून त्यांनी मला जवळ ओढलं, कानाला हेडफोन लावला आणि टेप मागे घेतली.

अडतिसाव्या मिनिटाला मौन सापडलं. अकरा सेकंद. त्यांनी आकडा लिहिला. मग थांबल्या. टेप पुन्हा मागे घेतली आणि माझा आवाज वाढवला.

त्या अकरा सेकंदांत शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं. बारीक, ओढून घेतलेलं. छातीतलं.

मॅडम मान खाली घालून कागदावर लिहीत होत्या तेव्हा हे त्यांच्या समोरच वाजत होतं. जिने चढून आलेल्या माणसाला धाप लागते, हे त्यांच्या सवयीचं झालं होतं. पण अडतीस मिनिटं खुर्चीत बसलेल्या माणसाला? मी मात्र सगळं टिपलं होतं. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि तो सांगताना मला अजून अभिमान वाटतो.

मसुदा फाटला. पुन्हा सुनावणी लागली.

"आधी पाणी प्या," मॅडम ड्रायव्हरला म्हणाल्या. "घाई नाही. तुम्हाला दमा आहे का?"

तो दचकला. दाराकडे बघत हळूच म्हणाला, "कळलं तर लायसन काढून घ्याल ना? म्हणून बोललो नाही. त्या दिवशी खरंच फुंकत होतो, मॅडम. श्वासच पुरेना."

"दम्यासाठी आम्ही लायसन काढत नाही. औषध घ्यायचं, वर्षाला तपासणी करून घ्यायची, झालं."

"हे मला कुणी सांगितलंच नाही हो!" म्हणाला, आणि रडायलाच लागला. तेही माझ्याकडे आहे.

छातीच्या डॉक्टरांचा अहवाल आला. नकार सिद्ध झाला नाही. पुढच्या सोमवारी तो बसवर हजर झाला.

आता सुनावण्या कॉम्प्युटर टिपतो. भंगाराच्या यादीत माझं नाव दोनदा लागलं आणि दोन्ही वेळा मॅडमनी ते खोडलं. माझं एक बटण गेलंय, झाकण दोऱ्याने बांधलंय. उद्या भंगारात दिलंत तरी माझी तक्रार नाही, पण पोटातली ती कॅसेट तेवढी आधी काढून ठेवा. ती इतरांना ऐकवायला ड्रायव्हरने लेखी परवानगी दिली आहे.

कारण मॅडम आता नव्या अधिकाऱ्यांना शिकवतात. पहिल्या दिवशी मला टेबलावर ठेवतात आणि ते अकरा सेकंद ऐकवतात. पहिल्या वेळी सगळे म्हणतात, टेप कोरी आहे. मॅडम म्हणतात, पुन्हा ऐका.

परवा एका नव्या अधिकाऱ्याला तिसऱ्या वेळी ती शिट्टी ऐकू आली. मग त्याने सगळी हकीकत ऐकली आणि तो चिडलाच. "समोर बसून हे ऐकू आलं नाही? कोण होतं हो हे?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला ऐकवतेय."