कमलबाईच्या दारावरची पाटी

धुळ्यात आमच्या गल्लीतून दोन वर्षांत कधी गेला असाल, तर तुम्ही मला वाचलंय. पत्र्याची पाटी मी. तीन फूट बाय दोन फूट, पिवळ्या रंगावर लाल अक्षरं: ‘घर विकणे आहे’, आणि खाली मोबाईल नंबर. दोन वर्षं भिंतीला टांगून मी घसा फोडत होते, आणि एवढ्या काळात माझ्या हातून कोंबड्यांचं खुराडंसुद्धा विकलं गेलं नाही. असल्या कर्तबगारीवर मी स्वतःचं चरित्र सांगायला निघाले आहे. हिंमत बघा.

जन्मापासून मी अशी रडकी नव्हते. माझ्यावर पहिल्यांदा निळ्या रंगात लिहिलं गेलं, ‘जीवराम सायकल मार्ट. तासावर सायकल मिळेल.’ शेजारी सायकलीचं चित्र. पेंटरला हँडल काही जमलं नाही, ते बैलाच्या शिंगांसारखं झालं. जीवराम म्हणाला, “राहू दे भाऊ, लांबून ओळखू येईल.” दुकान गिरणीच्या फाटकासमोर होतं. पाळी सुटली की माणसांचा लोंढा यायचा आणि मला वाटायचं, हे सगळे मलाच बघायला येतात. तरुणपणी कोणाला काय वाटेल त्याचा नेम नाही.

त्याच वर्षी जीवरामचं लग्न झालं. बायकोचं नाव कमलबाई. शाळेचं तोंड न पाहिलेली. तिने अक्षर अक्षर लावून जी पहिली गोष्ट वाचली ती मी. ‘मार्ट’पाशी ती तीन दिवस अडकली होती, पण कोणाला विचारायला गेली नाही. तिचा ताठा तेव्हापासूनचा. आम्ही दोघी एकाच वर्षी जीवरामकडे आलो, म्हणून मी तिला एकेरीच म्हणते. तिच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नाही.

पुढे गिरणी बंद झाली. भोंगा वाजायचा थांबला, तरी जीवराम सहा वर्षं दुकान उघडून बसला. सायकली भंगारात गेल्या. मला मात्र त्याने घरी आणलं आणि ओट्यावरच्या हौदावर झाकण म्हणून पालथं घातलं. वीस वर्षं मी पाण्यात स्वतःचं तोंड बघत काढली. त्या काळात माझ्यावर गंज चढला आणि थोडं शहाणपण. गंज जास्त.

जीवराम गेला. गल्ली रिकामी व्हायला लागली. कोणी सुरतेला, कोणी नाशिकला, कोणी पुण्याकडे. चौदा घरांपैकी पाचांना कुलपं लागली. कोणी निघालं की कमलबाई आतून दार लावून घ्यायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, “पळपुटे!” समोरची प्रमिलाबाई तिची तीस वर्षांची मैत्रीण. ती मुलाकडे सुरतेला निघाली, रिक्षात बसून पंधरा मिनिटं या दाराकडे बघत राहिली. दार उघडलं नाही. दाराआड कमलबाई डोळ्याला पदर लावून उभी होती. हे मला ठाऊक आहे, कारण दाराला फट आहे, आणि त्या दिवशी हौद धुवायला मला काढून दाराशी टेकवलं होतं.

कमलबाईचा मुलगा हितेंद्रही शेवटी चाकणला कंपनीत लागला. बायको नूतन, तीही नोकरीत. दोघांच्या पाळ्या उलटसुलट, घरात चार वर्षांची भाविका. एका दिवाळीला तो आला आणि म्हणाला, “आई, तू इथे एकटी, भाविका तिथे एकटी. घर विकू आणि चल.”

“तुला पाटी लावायची तर लाव,” कमलबाई म्हणाली. “पाटीने घर हलत नाही.”

तेव्हा मला हौदावरून उचललं, घासलं, रंगवलं. मला काय आनंद! पुन्हा तोंड जगाकडे झालं. पण बोलायचं काय, तर मालकिणीच्या मनात नाही तेच.

गिऱ्हाइकं आली, नाही असं नाही. पण कमलबाईला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलताना ती थांबत नाही. पहिला गृहस्थ चप्पल काढायच्या आत तिने त्याला सांगितलं, मागची भिंत ओलावते. दुसऱ्याला नेऊन गटार दाखवलं. तिसरा दलाल होता. हात मागे बांधून, मान वर करून म्हणाला, “मावशी, या भागात आता काही राहिलं नाही.” कमलबाई म्हणाली, “मी राहिले आहे. चालायला लाग.” मी वरून ‘विकणे आहे, विकणे आहे’ म्हणत होते आणि खाली ही बाई गिऱ्हाइकं हाकलत होती. असं दुकान कधी चालेल का?

गल्ली हसायची. शेजारची रूपा, जिची जीभ कमलबाईच्याच तालमीत तयार झालेली, माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, “अक्का, ही पाटी तुमच्या नातवंडांच्या लग्नात आहेर म्हणून द्या.”

मात्र एक गोष्ट रूपाला ठाऊक नव्हती. आमच्याकडे नळाला पाणी आठव्या दिवशी येतं. त्या दिवशी गल्लीत दुसरं काम नसतं. पाहुणा आला तर त्याच्या हातात बादली देतात. अशाच एका पाण्याच्या दिवशी कमलबाई हौदाशी घसरली आणि गुडघ्यावर पडली. अर्धा तास उठता आलं नाही. रूपा दहा हातांवर होती, हाक मारली असती तर धावत आली असती. कमलबाईने हाक मारली नाही. आयुष्यभर ज्या तोंडाने ‘मी हलणार नाही’ म्हटलं, त्या तोंडाने ‘मला उठव’ कसं म्हणायचं? भिंत धरून उठली, लुगडं पिळलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ढकललं.

मग कुंदन आणि दिपमाला आले. सोनगीरजवळच्या खेड्यातले, मोटारसायकलवरून. हितेंद्रने फोनवर त्यांना नेमका पाण्याचा दिवस दिला होता. गल्ली सोडून किती वर्षं झाली ते यावरूनच कळावं. कमलबाई नळी धरून उभी होती. दिपमालाने कोणाला विचारलं नाही, पदर खोचला आणि भरलेली बादली उचलून आत नेली.

“आधीच सांगते,” कमलबाई म्हणाली. “पाणी आठ दिवसांनी येतं.”

“अक्का, आमनाकडे टँकर येस,” दिपमाला म्हणाली. “ईना तं ईना, नही तं नही.”

“गटार तुंबतं.”

“आमनाकडे गटारच नही.”

कुंदन हसायला लागला. कमलबाई हसली नाही. “पाच घरांना कुलपं आहेत, दिसली ना? सगळे सोडून चाललेत.”

“दिखनात. पण नऊ घरमा तं माणसं शेतस ना?” दिपमालाने दुसरी बादली उचलली. “मनी पोर भूमिकाले आठवीमा टाकनी शे. गावनी शाळा सातवीपर्यंतच. रोज एवढ्या लांब एसटीनी धाडाले जीव होत नही. इथून शाळा चालत शे, अक्का.”

कमलबाईने नळी काढून तिसऱ्या बादलीत सोडली. मी तिला पन्नास वर्षं ओळखते. गिऱ्हाइकाला हाकलायचं सोडून तिने बादली भरलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्या संध्याकाळी तिने ओट्यावर बसून हितेंद्रला फोन लावला. “हितू, मला वाटायचं मी उठले की ही गल्ली संपली. मी आपली राखणदार होऊन बसले होते. आणि इकडे लोक मोटारसायकलवर बसून यायला लागलेत.” मग गुडघा चोळत म्हणाली, “भाविकाला मुगाची खिचडी चालते का?”

मला वाईट वाटलं, लाज वाटली आणि थोडा रागही आला. मीसुद्धा दोन वर्षं स्वतःला या गल्लीच्या मृत्यूचा दाखला समजत होते. एका गंजक्या पत्र्याने स्वतःला किती समजावं!

घर दिपमालाला दिल्याची बातमी फुटली. दुसऱ्या दिवशी रूपा कमरेवर हात ठेवून दारात हजर. “काय वं अक्का, आता तुम्हीबी पळपुट्या?”

सगळी गल्ली कान देऊन होती. कमलबाई म्हणाली, “हो. पळतेय. गुडघे दुखतात म्हणून हळूहळू.” रूपाला हसू आलं, पण तिने तोंड फिरवलं. कमलबाईने मग आत जाऊन सुरतेला फोन लावला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. प्रमिलाबाईचा रडण्याचा आवाज मात्र फोनमधून ओट्यापर्यंत आला.

निघायचा दिवस तिने स्वतः ठरवला: पाण्याचा दिवस. हितेंद्र म्हणाला, “आई, त्या दिवशी कोणी भेटणार नाही.” ती म्हणाली, “म्हणूनच.” मी मनात म्हटलं, वा गं बहाद्दरणी! ज्या बाईने कोणाला निरोप दिला नाही, तिला दुसऱ्यांची बंद दारं बघायची नव्हती. त्यापेक्षा नळ चालू असताना गुपचूप निघून जावं. कोणी आलं नाही तर दोष पाण्याला.

सकाळी सातला पाणी आलं. सव्वासातला रिक्षा आली. हितेंद्रने दोन पिशव्या आणि एक पेटी ठेवली. कमलबाई बसली, मान समोर. दिपमाला ओट्यावरून किल्ली घेऊन हात जोडत होती.

तेवढ्यात शेजारी काहीतरी आपटलं. रूपा धावत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हात रिकामे. तिची नळी मागे रस्त्यावर पडली होती आणि आठ दिवसांचं पाणी भळाभळा उतारावरून रिक्षाच्या चाकाखाली येत होतं. तिच्या मागून झुलाल नाना आले. हे पाण्याचा थेंब सांडला तर गल्लीभर भांडणारे. त्यांचीही नळी रस्त्यावर. मग तिसरी. सगळे रिक्षाभोवती येऊन नुसते उभे.

कमलबाईने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. आणि दुखरा गुडघा धरून ती रिक्षातून खाली उतरली.

“अकलेची माणसं का तुम्ही? आठ दिवस काय पिणार?”

तिने रूपाची नळी उचलली, रूपाच्या पिंपात घातली. झुलाल नानांची त्यांच्या हौदात घातली. तिसरी दिपमालाने उचलली. मग कमलबाईने रूपाच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ, आणि परत येऊन बसली. “चल रे बाबा,” एवढंच म्हणाली.

मला कुंदनने त्या आठवड्यातच उतरवलं. त्याच्या माल वाहायच्या टेम्पोचं मागचं फळकूट कुजलं होतं, तिथे ठोकलंय मला, तेही उलटं. आता मी रोज सोनगीर ते धुळे जाते-येते, आणि हायवेवरचे ट्रकवाले मान वाकडी करून वाचतात, घर विकणे आहे. कोणतं घर, ते मला विचारू नका. माझं आता काही खरं नाही.

एकच मागते. तुमच्या गल्लीतून कोणी निघालं, तर ते बरोबर की चूक ते नंतर ठरवा. आधी नळी खाली टाकून बाहेर या.