आडवा दिवा

भिंत नुसत्या डोळ्यांनी तपासत नाहीत. ज्याला तसं वाटतं त्याने आयुष्यात एकही भिंत घासलेली नाही. भिंत दिव्याने तपासतात. शंभरचा पिवळा बल्ब, लांब वायर, आणि तो बल्ब भिंतीच्या गालाला गाल लावून धरायचा, आडवा. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत मग पोटातलं सगळं ओकते. मोहरीएवढा उंचवटा असला तरी त्याची बोटभर सावली पडते. त्या सावलीभोवती पेन्सिलने गोल काढायचा, घासायचं, परत दिवा धरायचा.

माझा मामा बत्तीस वर्षं हे करतोय. पुट्टीवाले त्याला लोणी म्हणतात, कारण त्याच्या भिंतीवरून बोट फिरवलं की बोट अडत नाही. मी नऊ वर्षं त्याच्या हाताखाली आहे. पुट्टी कालवतो, पोलादी पट्टीने कोपरे ओढतो, दिवा धरतो. मोठी भिंत मात्र त्याची. मामी म्हणते, "भिंतीवरून फिरवतो त्याच्या निम्म्या मायेने माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता, तर मी एवढी करवादले नसते."

गेल्या वर्षापासून मामाचा उजवा हात थरथरतो. तो चहाचा कप अर्धाच भरून घेतो आणि म्हणतो, मला कमीच लागतो. आम्ही ऐकून घेतो. ठेकेदाराने नाही घेतलं. इस्पितळाच्या नव्या इमारतीत, सगळ्या कामगारांसमोर तो म्हणाला, "लोणी, ही एक भिंत बघतो. जमली तर ठीक. नाहीतर पट्टी भाच्याच्या हातात दे आणि तू खाली बादलीपाशी बस."

मला त्या बादलीत ठेकेदाराचं तोंड बुडवावंसं वाटलं.

भिंत होती ऑपरेशनच्या खोल्यांबाहेरच्या हॉलमधली. आत माणूस कापला जात असताना त्याची माणसं जिथे बसतात, ती जागा. हॉलला चार भिंती, त्यातली ही अठरा फूट उंच. खिडकी नाही. फक्त छतात, भिंतीला अगदी चिकटून, एक लांब फट होती. तिला पुढे काच बसणार होती, पण तोवर धूळ येऊ नये म्हणून तिच्यावर पत्रे टाकलेले.

आर्किटेक्ट एकदा आला आणि पाऊण तास शांततेवर बोलला. शेजारी ड्रिल चालू, म्हणून ओरडून बोलला. "इथे शांतता उतरली पाहिजे! भिंत कागदासारखी हवी! प्रकाश तिच्यावरून घरंगळला पाहिजे!" हे सगळं आमच्या पुट्टीच्या फळीवर बूट ठेवून. शांततेवर भाषण देणारी माणसं बघितली की माझं डोकंच फिरतं. ती कुठे मिळते ते यांना पाठ असतं, आणि फळी पुसायला फडकं कुठे मिळतं ते ठाऊक नसतं.

अकरा दिवस मामा त्या भिंतीवर होता. डाव्या हाताने उजवं मनगट धरून पट्टी ओढायचा, इकडून तिकडे, हात पुरेल तेवढी. उभं राहायच्या लाकडी घोड्यावरून उतरायचा, घोडा सरकवायचा, परत चढायचा. मी डावीकडून दिवा धरला, उजवीकडून धरला. एक सावली नाही. शेवटी ठेकेदाराने स्वतः दिवा घेतला, दोन्ही बाजूंनी धरून पाहिलं, आणि म्हणाला, "मानलं बुवा."

त्या दिवशी मामाने चहाचा कप काठोकाठ भरून घेतला. थोडा सांडला. सांडू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचवाल्यांनी छतावरचे पत्रे काढले.

उजेड वरून आला. गुळगुळीत भिंत गायब. वरपासून खालपर्यंत आडव्या लाटा. प्रत्येक लाट मामाच्या हाताएवढी लांब, सुरुवातीला सपाट, आणि टोकाशी, जिथे हात थकतो तिथे, बारीक थरथर. अठरा फुटांवर नुसता मामाचा हात पसरला होता.

चूक माझी होती. दिवा बाजूने धरला की उभी लाट दिसते. आडवी लाट दिसत नाही, कारण उजेड तिच्याच अंगाने पळतो. आम्ही कायम बाजूनेच धरतो, कारण खिडक्या बाजूला असतात. बत्तीस वर्षांत मामाच्या भिंतीवर वरून उजेड पडलाच नव्हता. पण ती फट अकरा दिवस माझ्या डोक्यावर होती, आणि एकदाही घोड्यावर चढून वरून दिवा धरावा असं माझ्या टाळक्यात आलं नाही.

मामा उलट्या बादलीवर बसला. "घासपेपर आण," म्हणाला. "ठेकेदार अकराला येतो."

"दोन तासांत अठरा फूट?"

"आण म्हटलं ना."

मी तळमजल्यावर जाऊन पेपरचा गठ्ठा घेऊन आलो, तर हॉलमध्ये फरशी पुसणारी मावशी उभी. हातात पोछा, तोंड उघडं. तिने भिंतीला तळवा लावला, काढला, बघितला.

"ओली नाही?"

"नाही," मामा म्हणाला.

"मग हलतेय कशी?"

"हलत नाही, मावशी. खराब झालीय."

"तुमच्या तोंडात किडे पडो," मावशी म्हणाली, आणि तिने आपली बादली उलटी केली, मामाच्या शेजारी मांडली, बसली. "सहा मजले पुसून आलेय सकाळपासून. आत्ता टेकले."

मग मीही पाहिलं. नऊ वर्षं भिंतीत फक्त दोष शोधत आलो. भिंत म्हणून कधी बघितलीच नव्हती. उन्हाआड ढग आला आणि भिंत कोरी झाली, काहीच नाही, चुना. ढग सरकला तशी वरची पहिली लाट उमटली, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची, अशी सावकाश जमिनीपर्यंत. कुणी झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण ओढावं तशी. शेजारचं ड्रिल चालू होतं. मी शपथेवर सांगतो, ते मला ऐकू येत नव्हतं. मी काही देवाबिवाच्या भानगडीत पडणारा माणूस नाही. पण गठ्ठा खाली ठेवला, आणि आवाज होऊ नये म्हणून हळू ठेवला.

"मामा, नको घासूस."

"वेडा आहेस का? बादलीवर बसवेल तो मला."

"आत्ता कशावर बसलायस?"

मावशी खदखदून हसली. मामा नाही हसला. पण उठलाही नाही.

अकराला ठेकेदार आला, सोबत आर्किटेक्ट. ठेकेदाराने भिंत बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. तो बोलणार तेवढ्यात आर्किटेक्टने हात वर केला. पाऊण तास बोलणारा तो माणूस चार-पाच मिनिटं नुसता उभा होता. मग म्हणाला, "हिला हात लावू नका. बाकीच्या तीनही अशाच करा." आणि वळून निघाला.

"साहेब!" मी ओरडलो. "कोणी केली ते तरी विचारा की!"

तो थांबला. ठेकेदाराने मला डोळ्यांनीच गाडलं.

"कोणी केली?"

"मी," मामा म्हणाला. "पण अशाच तीन होणार नाहीत. हे मी केलेलं नाही, माझ्याकडून झालंय. मी सरळच ओढत होतो. हात थरथरतो माझा."

"लोणी, गप बस ना," ठेकेदार दात-ओठ खात पुटपुटला. "पास झाली भिंत. तुझी पट्टी तुझ्याकडे राहिली."

"मुद्दाम हात हलवून काढली तर सोंग दिसेल. इथे बसणाऱ्या माणसाला सोंग कळतं, तो घाबरलेला असतो." मामाने कमरेला खोचलेली पट्टी काढली आणि माझ्यापुढे धरली. धरलेली पट्टी थरथरत होती, आणि आज त्याने मनगट पकडलं नव्हतं. "बाकीच्या हा ओढेल. सरळ. ही एक राहू दे."

आर्किटेक्टने मामाच्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "बरं," म्हणाला. पहिल्यांदाच एका शब्दात आटोपलं त्याने.

दुपारी मी दुसऱ्या भिंतीला लागलो. आयुष्यातली माझी पहिली मोठी भिंत. मामा घोड्यावर चढला, वायर खांद्यावर टाकली आणि बल्ब वरून धरला. उजेड माझ्या ओल्या पुट्टीवर थरथरायला लागला.

"मामा, दिवा हलतोय."

"हलू दे. तू सरळ ओढ."

मी ओढली. मागे वळून पाहिलं तर मावशी अजून तिथेच होती, आणि तिच्याशेजारी दोन काचवाले, डबे उघडून, पण घास हातातच.