काकनाथ बाबाची उजवी बाही

गंगेच्या काठावर शंभरेक माणसं माना वर करून लिंबाकडे बघत होती. लिंबावर कावळे, खाली केळीच्या पानावर पिंड आणि मध्ये घोळदार भगव्या कफनीतला काकनाथ बाबा.

"बाबा म्हणतील तेव्हा उतरतो, नाही म्हणतील तर अडतो!" संतोष नावाचा भक्त मोबाइल धरून सांगत होता. "या डोळ्यांनी पाहिलंय."

योगिनीनेही पाहिलं होतं. वर्षापूर्वी, इथंच, नवऱ्याच्या दहाव्याला. बाबाने घोळदार बाहीतला उजवा हात झाडाकडे उचलला, कावळ्यांनी गलका केला आणि पिंडाला एकही शिवला नाही. "मयत बायकोवर नाराज हाय," बाबाने निकाल दिला. "हिनं छळलं त्याला." शेखर गेला होता काविळीनं, पण डॉक्टरच्या कागदापेक्षा कावळा मोठा ठरला. सासूने, लंकाबाईने, सहा वर्षांच्या तेजलचा हात तिच्या हातातून हिसकावला. "कावळा शिवंल त्या दिवशी ने पोरीला."

आज वर्षश्राद्ध होतं. लंकाबाई तेजलला घेऊन आली होती.

वर्षभर योगिनीने माहेरच्या अंगणात पेरूच्या फांदीला थाळी टांगली होती. रोज पोळीचे तुकडे टाकायचे आणि कावळ्यांकडे टक लावून बसायचं. सुरुवातीला निव्वळ रागाने. पण मेले तिच्याच हातची पोळी भांडून भांडून खायचे! मग त्या दिवशी काय झालं होतं?

श्रावणात तारेचा झटका बसून एक कावळा मेला आणि थाळीच्या वरच लटकत राहिला. साळुंक्या, बुलबुल खाली निवांत जेवत होते. कावळे मात्र लांबून बोंबलत राहिले. एक उतरेल तर शपथ! तोच गलका. योगिनीला बाबाची झाडाकडे उचललेली बाही आठवली. वायरमनने कावळा काढला, तिसऱ्या दिवशी थाळीवर पुन्हा भांडणं. मग तिने पडलेली पिसं काठीला पंखासारखी बांधून दाखवली. एकदा नाही, सात वेळा. सातही वेळा कावळे अडले आणि काठी लपवली की थोड्या वेळाने उतरले.

"ये काकराजा, बोल!" बाबाने हात उचलला. झाडावर बोंबाबोंब. "नाय म्हणतोय! बाई, नाक घास आन् कबूल कर."

योगिनी वाकली. लोकांना वाटलं, पाया पडतेय. तिने बाही धरली आणि खांद्यापर्यंत टरकावली. मनगटाला रबराने बांधलेला मेल्या कावळ्याचा आख्खा पंख, हात उचलला की बाहीबाहेर डोकावणारा!

"सोड! भस्म होशील!"

"वर्ष झालं भस्म होऊन. आता तुझी पाळी."

तिने पंख उपसला, बाबाला वाहिलेल्या पेढ्यांचं ताट पिंडाशेजारी मांडलं आणि त्यावर पंख धरला. "कावळ्यांनो, या बाबानं काय पाप केलंय?"

एकही उतरेना.

"बघा, बाबांवरही नाराज!" योगिनी लोकांकडे वळून म्हणाली.

हशा पिकला. बाबा चपला शोधू लागला, तशी संतोषनेच त्याची मानगूट धरली. योगिनीने पंख पिशवीत कोंबला. "कबुली मिळाली की पंख असाच बाहीत आत जातो. मग कावळे उतरेपर्यंत भजन लांबवायचं. मागे सरका, थांबा."

दहा मिनिटं गेली. एक कावळा पिंडावर उतरला, दुसरा पेढ्यांवर. मग झुंबड.

"शिवला गं!" लंकाबाई रडायला लागली. "शेखर मोकळा झाला! ने बाई तेजलला."

"नाही आई. कावळा भुकेपोटी आला. तो आला म्हणून मी निर्दोष नाही. मी आधीही निर्दोष होते. वर्षापूर्वी ज्या आवाजात बोललात, त्याच आवाजात आज बोला."

"चुकले."

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

"चुकले गं! खोटा आळ घेतला तुझ्यावर!" लंकाबाईने हात जोडले. "माफ कर."

"नाही करणार," योगिनी म्हणाली. तिने तेजलला उचललं, पिशवी घेतली आणि थेट पोलीस चौकीकडे निघाली. मागून संतोष बाबाला ओढत आणत होता.

लोकहो, कावळ्याला खुशाल जेवू घाला. पण पोर आईजवळ राहावं की नाही, हे त्याला विचारू नका. त्यासाठी तुम्हाला डोकं दिलंय, ते वापरा.