दीडशे कोसांवरची दहा मिनिटे

“आलं का?” गच्चीवरून तारमास्तरांनी विचारले.

“नाही!” जिन्याच्या पोकळीतून त्यांच्या पत्नीचा आवाज वर आला.

“आता?”

“नाही आलं हो! आणि जरा हळू. लोकांना वाटेल घरात बाळंतीण आहे.”

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने खिडकीतून मान बाहेर काढली. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. “काय मास्तर, मुलगा की मुलगी?”

“टीव्ही,” मास्तर गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी लोखंडी नळाला आणखी बोटभर वळण दिले.

पाण्याच्या टाकीला पट्ट्यांनी जखडलेल्या त्या नळाच्या माथ्यावर, माशाच्या काट्यासारखी लांबलचक अँटेना आडवी पसरली होती. आसपासच्या साऱ्या अँटेनांची तोंडे गावातल्या मनोऱ्याकडे. हिचे एकटीचे समुद्राकडे. वर्गातली सगळी मुले फळ्याकडे पाहत असताना एकीने खुशाल खिडकीबाहेर पाहत बसावे, तशी ती गेली तीस वर्षे पाहत होती. मास्तरांची पत्नी तिला ‘माझी सवत’ म्हणत असे. “सवतीला गंज लागलाय, तेल द्या,” असेही तीच सांगे.

मास्तरांची उमर चौऱ्याहत्तर. तारकचेरीत टिंबे आणि रेघा ऐकण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले. पुढे तारयंत्र थांबले, कचेरीला कुलूप लागले. परंतु दूरच्या कोणाचे तरी काहीतरी आपल्याकडे येत आहे आणि ते नीट उतरून घेतले पाहिजे, ही कानांची सवय काही निवृत्त झाली नाही. एका निवांत, उष्ण सकाळी त्यांच्या घरच्या पडद्यावर गावच्या कार्यक्रमाऐवजी खरखरणाऱ्या मुंग्यांच्या गर्दीतून एक अनोळखी डोंगर उमटला. समुद्रापलीकडचे, दीडशे कोसांवरचे एक लहानसे केंद्र! वारा पडलेला असला, की थंड पाण्यावरच्या हवेवर वरची कोरडी ऊन हवा झाकणासारखी बसते. एरवी आकाशात निघून जाणाऱ्या लहरी त्या झाकणाखालून घसरत पैलतीर गाठतात. हे मास्तरांना नंतर पुस्तकांतून कळले. त्या दिवशी त्यांना एवढेच कळले, की आपल्याला पुन्हा काम मिळाले आहे.

त्यांनी त्या केंद्राला पत्र लिहिले. तारीख, वेळ, किती मिनिटे, चित्र कितपत स्पष्ट. डोंगरावरच्या मनोऱ्याची देखभाल करणाऱ्या अभियंत्याचे उत्तर आले. दोघांचीही नव्हे अशी एक तिसरी भाषा दोघे शाळेत शिकले होते, तीच कामी आली. सहीतले नाव काही केल्या जिभेवर वळेना, म्हणून मास्तरांच्या पत्नीने त्याचे नामकरण केले, ‘टेकडीकर’. तेव्हापासून या घरात टेकडीकर हे एखाद्या दूरच्या दिरासारखे नांदत होते.

मास्तरांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे मजकूर ते सांगत आणि ती भाषा शिकलेली पत्नी पत्र लिही. कागदाच्या तळाशी जागा उरली, तर कोरा कागद वाया घालवणे तिच्याने होत नसे; ती स्वतःची एक ओळ लिहून टाकी. ‘कपडे अर्ध्या तासात वाळले. वारा नव्हता.’ किंवा, ‘चादर दुपारपर्यंत ओलीच.’

“अगं, शास्त्रीय पत्र आहे ते!” मास्तर कळवळून म्हणत. “त्यात तुझं धुणं कशाला?”

“त्यांच्याकडेही कपडे धूत असतीलच की,” ती म्हणे आणि पाकीट चिकटवी.

पुढे प्रक्षेपण डिजिटल झाले आणि मुंग्यांचे राज्य संपले. पूर्वी चित्र आजारी माणसासारखे खोकत, कण्हत का होईना, पण येत असे. आता एकतर लख्ख यायचे, नाहीतर पडदा निळा. मधले काही नाही. तरीही वर्षातून पाचसात वेळा ते येई, आणि पत्र जाई.

गेल्या महिन्यात टेकडीकरांचे पत्र आले होते. ‘लोक आता केबलच्या तारेवरून पाहतात. डोंगरावरचा मनोरा बंद होणार. पंधरा तारखेला माझाही शेवटचा दिवस. सकाळी दहा ते दहा वाजून दहा मिनिटे, चाचणीसाठी मनोरा माझ्या हाती आहे. त्यानंतर खटका कायमचा खाली. त्या दहा मिनिटांत तुमच्यासाठी काही ठेवले आहे. तुमचेच आहे. समुद्राने मनावर घेतले, तर दिसेल.’

आज पंधरा तारीख होती.

पहाटेपासून मास्तरांनी वायुभारमापकाच्या काचेवर इतक्या टिचक्या मारल्या होत्या, की काटा हलला तो हवेने की त्यांच्या बोटाने, हे सांगणे कठीण. पत्नी आठ वाजता धुणे वाळत घालून खाली आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, “येणार आज. चादर हलत नाहीये, पण वाळतेय.” मास्तर नुसते हसले. पण धोका नको, म्हणून नळावरच्या, लहरींची ताकद वाढवणाऱ्या बूस्टरच्या जोडीला त्यांनी टीव्हीच्या मागे दुसरा, नवा, अधिक ताकदीचा बूस्टर काल रात्रीच बसवून ठेवला होता. एकाने दीडशे कोस दिसतात, तर दोघांनी टेकडीकरांच्या मिशासुद्धा मोजता येतील, असा त्यांचा हिशेब.

घड्याळात दहा वाजले.

“आलं का?”

“वरची पट्टी पूर्ण भरलीय!” पत्नी ओरडली. “ताकद म्हणतात ना, ती. खालची, स्पष्टतेची, मात्र रिकामी.”

“आणि चित्र?”

“निळं!”

मास्तरांनी नळ डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. रंगाने केलेल्या खुणेवर परत आणला. तळहात घामाने निसटू लागले. ताकद भरलेली आणि चित्र नाही? तीस वर्षांत असे कधी घडले नव्हते. ते जिना उतरून खाली आले. गुडघ्यांची तक्रार आज त्यांनी दाखलच करून घेतली नाही. भिंतीवर दहा वाजून चार मिनिटे झाली होती.

“वारा नाही, समुद्र तळ्यासारखा पडलाय, सिग्नल तर धो धो येतोय,” ते स्वतःशीच पुटपुटले. “मग अडतंय कुठं? आणखी एक बूस्टर असता तर...”

“तुमच्या आई आठवतात का?” पत्नीने विचारले.

“अगं, ही वेळ आहे का?”

“त्यांना ऐकू कमी यायचं. तुम्ही कानाशी तोंड नेऊन कोकलायचात, नि त्या म्हणायच्या, नुसता कल्ला ऐकू येतो रे, शब्द नाही कळत. मी समोर बसून बेताने बोलायचे, तर सगळं कळायचं.” तिने टीव्हीच्या मागे बोट दाखवले. “आज समुद्रच मोठ्याने बोलतोय. त्यात तुम्ही दोन दोन भोंगे लावून ठेवलेत.”

मास्तरांनी नव्या बूस्टरकडे पाहिले. लहान अंतरावर मोठ्या ताकदीने वाजवलेली तार पुढच्याला वाचता येत नाही, टिंब आणि रेघ एकमेकांत मिसळतात, हे ते स्वतः नवख्या तारवाल्यांना शिकवत आले होते. ते खाली वाकले. वायरीच्या टोकाची चकती फिरवू गेले, पण घाईत ती उलटीच आवळली.

“सरका,” ती म्हणाली. तिने चकती फिरवली, नवा बूस्टर सोडवून बाजूला ठेवला आणि वायर सरळ टीव्हीच्या डिजिटल डब्यात खोचली.

पडदा क्षणभर काळा झाला. मग चित्र आले; धुतल्यासारखे लख्ख.

डोंगरमाथा. मनोऱ्याभोवतीचे तारेचे कुंपण. कुंपणापासून एका खांबापर्यंत बांधलेली दोरी, आणि दोरीवर एक पांढरी चादर, शेजारी दोन सदरे. चादर जराही हलत नव्हती. तिच्यावर काळ्या रंगात, हातहातभर अक्षरांत, त्या तिसऱ्या भाषेतल्या दोन ओळी रंगवल्या होत्या.

कपडे अर्ध्या तासात वाळले.
वारा नव्हता.

अक्षर टेकडीकरांचे नव्हते. तिचे होते. एकेक वळण पत्रावरून उतरून घेतलेले. शेवटच्या अक्षराला ती ओढत असलेली ती अनावश्यक शेपटीसुद्धा.

चादरीच्या आडून एक माणूस पुढे आला. टक्कल, मिशा नाहीत, बगळ्यासारखे पाय. त्याने सदऱ्याचा एक चिमटा नीट केला, समुद्राकडे पाहिले, आणि हात कुठे ठेवावेत हे न सुचून ते पाठीमागे बांधले.

“अगंबाई,” ती हळूच म्हणाली, “किती वाळलेत हे. मला वाटायचं, चांगले धिप्पाड असतील.”

मास्तरांना आपली पत्रे आठवली. तीस वर्षांचे आकडे, मिनिटे, स्पष्टतेचे गुण. आणि पलीकडे तो माणूस वाचत होता ती तळाची ओळ. छातीत काहीतरी किंचित टोचले. मग त्या टोचण्याचे त्यांना हसूच आले. ज्या ज्या पत्रात ती ओळ होती, त्या त्या दिवशी चित्र सर्वांत जास्त वेळ टिकले होते. हे टेकडीकरांनी ताडले आणि एका छताखाली राहून आपण नाही.

“तुझं आहे ते,” ते म्हणाले. “त्यांनी लिहिलं होतं ना, तुमचेच आहे म्हणून.”

ती उत्तर देणार, तोच पडद्यावरची चादर चौकटीचौकटींत तुटली. माणसाचा एक खांदा हवेत तसाच राहिला, आणि निळा रंग पसरला. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

खालून शिंप्याने हाक मारली, “मास्तर, काय झालं शेवटी?”

“सुखरूप!” ती ओरडून म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला.

मास्तरांनी नोंदवही उघडली. तारीख घातली, वेळ घातली, स्पष्टतेच्या रकान्यात दहापैकी दहा लिहिले. पुढे शेऱ्याचा रकाना होता. त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली आणि लेखणी तिच्या हातात दिली. तिने थोडा विचार केला, लिहिले, आणि शेवटच्या अक्षराला शेपटी ओढली.

मग कपडे काढायला ती गच्चीवर निघाली, तेव्हा मास्तरही मागोमाग गेले. एवढ्या वर्षांत ते गच्चीवर हजारदा गेले असतील. पण दोरीकडे कधी वळले नव्हते.

“नळ फिरवायचा का गावाकडे?” तिने विचारले. “तिकडे आता काय उरलंय?”

“राहू दे,” ते म्हणाले. “सवय आहे तिला.”

चादर कडक वाळली होती. तिने दोन टोके धरली आणि उरलेली दोन त्यांच्याकडे दिली. त्यांना घडी घालता येत नव्हती. ती सांगेल तसे ते चादर ताणून मागे सरले, मग टोके जुळवीत, एकेक पाऊल टाकीत, तिच्याकडे चालत आले.