एकानं कमी भरलेली मोजणी

मित्रांनो, मी एक जुनं जेट इंजिन आहे. निम्मं कापलेलं, पोट उघडं टाकलेलं, प्रशिक्षणशाळेच्या दालनात स्टँडवर बसवलेलं. बघायला खुशाल या, पण माझं कौतुक करू नका. मला ते सोसत नाही.

आमचं घराणं मोठं. थोरल्या भावांनी रुंद पोटाची पहिली विमानं उचलली. मग दर काही वर्षांनी आमच्यात नवा, जास्त ताकदीचा भाऊ जन्माला येत गेला. आमचं नुसतं नाव घेतलं तरी वैमानिक निर्धास्त व्हायचे. मीही वर्षानुवर्षं समुद्र ओलांडले. उतरल्यावर माझ्याकडे कुणी वळूनही पाहायचं नाही, ते असो.

माझ्या तोंडाशी मोठा पंखा होता. त्याची पाती अधूनमधून तपासावी लागत. हे काम हँगरमधल्या, म्हणजे विमानांच्या दुरुस्तीच्या शेडमधल्या, एका नवरा-बायकोकडे होतं. तो हातानं पंखा एकेक पातं पुढे ढकलायचा, ती पात्याच्या मुळाशी यंत्राची कांडी टेकवून आतली चीर शोधायची. पहिल्या पात्यावर खडूची खूण, पुढची मोजणी तोंडी. कामात खंड पडला की परत खुणेपासून सुरुवात, असा नियम होता. दोघं कामात चोख, आणि भांडणात त्याहून चोख!

त्या दिवशी उकाडा फार होता. नवऱ्यानं हँगरचं मोठं दार उघडलं. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. घराची किल्ली कुठे ठेवलीय, असं लेक विचारत होती. नवरा पाणी प्यायला गेला, बाई पाठ फिरवून बोलत राहिल्या, आणि वाऱ्यानं माझा पंखा एक पातं पुढे सरकला. नेमकं तेच पातं आजारी होतं. मला ओरडता आलं असतं, तर मी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. दोघं परतले आणि खुणेकडे न जाता समोर आलेल्या पात्यापासूनच पुढे मोजू लागले.

खूण परत समोर आली, तेव्हा मोजणी एकानं कमी भरली.

"एक कमी कसं?" बाई म्हणाल्या.

"अगं, फोनच्या नादात आकडा चुकली असशील. पातं काय पळून जाणारे?"

"परत फिरवू या का?"

"तिकडे प्रवासी खोळंबलेत, माझे आई! चल, आटप."

बाई हसल्या आणि त्यांनी कांडी पुसून ठेवली.

त्या उड्डाणात माझ्या बाजूच्या खिडकीशी एक आजोबा बसले होते. माझ्याकडे बोट दाखवून आजींना काहीतरी समजावत होते. ढगांच्या वर पोहोचलो आणि ते पातं मुळापासून तुटलं. माझं कवच फाटलं, तुकडा त्यांच्या खिडकीत घुसला. पलीकडच्या माझ्या भावानं एकट्यानं विमान खाली आणलं. बाकी सगळे वाचले, आजोबा गेले.

चौकशीत सगळं बाहेर आलं, मग मला कापून इथे आणलं. नवऱ्यानं काम सोडलं. बाई इथे शिकवतात. परवा त्यांना शोधत आजी आल्या. तुटक्या पात्याच्या खाचेत त्यांनी हात घातला. मग म्हणाल्या, "परत पहिल्यापासून तपासायला किती वेळ लागला असता?"

"अर्धा तास, आजी."

"आम्ही तसेही कधीचे खोळंबलो होतो गं. आणखी अर्ध्या तासानं कोण काय बोललं असतं?"

बाईंनी खडू घेऊन माझ्या एका पात्यावर परत खूण केली.

मित्रांनो, मोजणी चुकली तर परत मोजा. आणि दुसरं कुणी मोजत असेल, तर त्याच्यामागे घाईचा लकडा लावू नका. आत माणसं बसणार असतात.