गल्लीच्या टोकाचं पाणी

"नळ उघडायचा नाही म्हणजे नाही, वेंडेल," रोझलिंडा म्हणाली. "नवा कायदा आलाय. गावाने किती पाणी वाया घालवायचं, ते आता राज्य ठरवणार. आपण आधीच मर्यादेच्या वर गेलोय. आणखी गेलो तर गावाचं हे पाणीखातं बंद करून शेजारच्या शहराला जोडतील. मग तू घरी आणि मीही."

"वाया कुठे? पाइप धुतो मी. अकेशिया गल्लीच्या टोकाला पाइप संपतो, पाणी तिथेच साचून कुजतं. आठवड्याला सोडावंच लागतं."

"राजधानीत, सॅक्रामेंटोला जाऊन सांग."

रोझलिंडा आमची मॅनेजर. बाई वाईट नाही. तीस वर्षं मी दर मंगळवारी त्या टोकाचा आगीच्या बंबवाल्यांचा नळ उघडून पाणी रस्त्यावर सोडत आलो. पण दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी लोकांची हिरवळ करपली, बदामाच्या बागा जळाल्या, आणि मी दिसलो की लोक शिव्या घालायला लागले. खरं सांगायचं तर बंदी आल्यावर मला सुटल्यासारखंच वाटलं. त्याची लाज वाटते.

बंदीच्या चौथ्या आठवड्यात टोकाच्या घरातून ओफेलिया बारागानचा फोन आला. तिच्या नवऱ्यावर, युसेबियोवर, कॅन्सरचे उपचार चालू होते.

"पाण्याला वास येतोय रे. युसेबियोला चालेल ना?"

जाऊन तपासलं. जंतू मारणारं क्लोरीन शून्य. "उकळून द्या," म्हणालो आणि शेपूट घालून परत आलो. आंघोळीचं पाणी कुणी उकळत नाही, आणि त्याच्या फवाऱ्यातून जंतू छातीत जातात, हे मला ठाऊक होतं. रोझलिंडाच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "पावसापर्यंत कळ काढ."

दोन आठवड्यांनी युसेबियोच्या छातीत संसर्ग झाला. गुरुवारी तो गेला. डॉक्टर म्हणाले, आधीच खंगला होता. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

शुक्रवारी भर दुपारी, कुणाला न विचारता, मी तो नळ उघडला. आधी तपकिरी, मग पिवळं पाणी रस्त्यावरून वाहू लागलं. समोरचा ट्रॅव्हिस फोन रोखून धावत आला.

"आमची झाडं मेली आणि तू रस्ता धुतोस? थांब, पाठवतोच हे वर!"

"पाठव. वेंडेल प्रूट. नाव नीट लिही."

तेवढ्यात ओफेलिया बाहेर आली. "त्याच्यावर ओरडू नकोस, ट्रॅव्हिस. आमच्यासाठी तो एकटाच येतो."

ते मला सोसवेना. "नाही आलो, ओफेलिया. सहा आठवडे पाणी सोडायला आलो नाही. पाणी खराब आहे हे माहीत असूनही."

ट्रॅव्हिसने फोन खाली केला.

"आता स्वच्छ आहे?" तिने विचारलं.

बाटलीत धरून तपासलं. "आहे."

ती आत गेली आणि बादली घेऊन आली. खांद्यावर पांढरा सदरा होता. "उद्या पुरताना त्याला हा घालायचाय. घरच्या पाण्याने पिवळा पडतोय."

मी बादली धरली. भरल्यावर दारापर्यंत न्यायला उचलली, तर तिने माझा हात बाजूला केला आणि दोन्ही हातांनी ती स्वतःच घेऊन गेली.