लसणावरचा आळ

होकायंत्रं बनवणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सारं बंदर कुलूपराव म्हणायचं. मिठाच्या बरणीलाही कुलूप लावील असा संशयी माणूस.

हल्ली त्याच्या सुया बिघडल्या होत्या. चुंबकदगडावर घासलेली सुई दोऱ्याला टांगली की मुकाट्याने उत्तर दाखवते, हा बापजाद्यांपासूनचा अनुभव. आता ती वाट्टेल तिकडे तोंड करून लोंबकळायची. खलाशी होकायंत्रं परत आणून आपटून जात.

लसणाच्या वासाने चुंबक मरतो, असं धंद्यात सगळेच मानत. आणि घरजावई तर लसूण मिटक्या मारत खायचा. कुलूपरावाच्या मनात पाल चुकचुकली, ती काही गप्प बसेना.

"जावईबापू, माझा धंदा बुडवायचाय ना तुम्हाला? उद्यापासून वेगळी चूल मांडा."

मुलगी गाठोडं बांधू लागली. एकुलती एक लेक. पण शब्द मागे घेईल तर तो कुलूपराव कसला!

जावई मात्र शांतपणे लसणाची पाकळी घेऊन आला. एका जुन्या, चांगल्या सुईला त्याने ती चांगली चोळली आणि सुई टांगली. सुई गर्रकन फिरून उत्तरेला थांबली. म्हाताऱ्याने ती हुंगली, पुन्हा फिरवून पाहिली. ती पुन्हा उत्तरेलाच.

"मग दुसरं काहीतरी केलं असेल तुम्ही," तो गुरगुरला.

"मामा, सुई आपण आधी भट्टीत तापवतो, मग दगडावर घासतो. उलटं का नाही करत?"

"माझे वडील असंच करायचे."

जावयाने तीच सुई चिमट्याने निखाऱ्यात धरली. लालभडक झाल्यावर बाहेर काढली, निवू दिली, टांगली. आता तिला उत्तर ना दक्षिण. कितीही वेळा फिरवा, थांबेल तिकडे थांबायची.

"लसणाने नाही, आगीने मरतो चुंबक," जावई म्हणाला. "पण आपला दगड आगीजवळ जाईलच कशाला?"

कुलूपराव भट्टीकडे बघू लागला. दगड चोरीला जाईल या धास्तीने तो हल्ली रोज संध्याकाळी भट्टीच्या तळाची वीट उचलून दगड खाली सरकवायचा आणि वर धगधगते निखारे ओढायचा. तिथे कोणी हात घालणार नाही, म्हणून स्वतःवर खूशही असायचा. त्याने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

"चूक माझीच. गाठोडं सोड, पोरी. तुम्ही कुठे जाऊ नका."

मुलीचा हात गाठीवरच थांबला.

"दगड दुसरा मिळेल, बाबा. पण हा लपवला कोणापासून होता?"

म्हाताऱ्याने आधी जावयाकडे पाहिलं, मग लेकीकडे. त्या घरात तिघंच राहत होती.